टेंकडीचे राखणदार

(महोत्सवानिमित्त भरलेल्या सभेंत केलेलें भाषण)



आपल्या धर्मग्रामाच्या ह्या महोत्सवाच्या प्रसंगीं चार शब्द बोलावे अशी आज्ञा झाली, तेव्हां विषय कोणता घ्यावा याचा मला फार विचार करावा लागला नाहीं. देवळाचा इतिहास सांगणारे माझ्याहून अधिकारी लोक या सभेंत बसलेले आहेत. मला थोडेंसें ठाऊक आहे तें आपल्या शहराच्या टेंकड्यांविषयीं, आणि पगार नसतां, हुकूम नसतां जे लोक त्या टेंकड्यांची राखण करितात त्यांच्याविषयीं. तेंच मी आपणांपुढें मांडणार आहें.

लोकांची जमीन म्हणजे कोणाचीच नव्हे, अशी एक समजूत आपल्याकडे फार खोल रुजलेली आहे. घराचें अंगण आपण दोन वेळां झाडतों आणि झाडलेला केर कुंपणापलीकडे टाकतों. कारण कुंपणापलीकडचें तें सरकारचें! पुण्यांतील ख्रिस्ती लोकांना तरी ही समजूत शोभत नाहीं. पेशव्यांच्या सैन्यांतील कॅथलिक लोकांसाठीं सवाई माधवरावांच्या कारकीर्दींत, १७९२ सालीं, जागा मिळाली, म्हणून शहरांतलें आपलें पहिलें देऊळ उभें राहिलें. ती जागा कोणा एका घरची नव्हती. ती सर्वांची होती, आणि सर्वांनीं आपली मानली म्हणून ती आजवर टिकली.

आतां टेंकड्यांकडे वळूं. वेताळ टेंकडी, हनुमान टेंकडी, चतुःशृंगी, पर्वती, तळजाई, बाणेर-पाषाणची टेंकडी, हीं नांवें आपणां सर्वांच्या तोंडीं आहेत. त्यांत वेताळ टेंकडी सर्वांत उंच. समुद्रसपाटीपासून तिची उंची सुमारें ८०० मीटर भरते. परंतु उंचीपेक्षां तिच्या पोटांत काय आहे हें अधिक महत्त्वाचें. वर चार बोटें माती, खालीं मुरूम, आणि त्याखालीं काळा फत्तर. पुण्यांत वर्षाला साधारण ७० सेंटिमीटर पाऊस पडतो, आणि त्याचा बहुतेक भाग जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. तो उघड्या उतारावर पडला तर ती चार बोटें माती घेऊन घटकाभरांत ओढ्याला मिळतो. गवताच्या मुळांत पडला तर थबकतो, फटींतून हळूहळू मुरतो, आणि पायथ्याच्या विहिरींना पावसाळ्यानंतरहि कांहीं काळ पुरतो.

२५ सप्टेंबर २०१९ ची रात्र पुण्याच्या लोकांच्या स्मरणांतून गेलेली नाहीं. कात्रजच्या बाजूनें येणाऱ्या आंबील ओढ्याला त्या रात्रीं असा पूर आला कीं वस्त्यांच्या भिंती कोसळल्या, वाहनें काडीसारखीं वाहून गेलीं, आणि वीसांहून अधिक माणसें मृत्यु पावलीं. त्या अनर्थाचीं कारणें अनेक आहेत. ओढ्याचें पात्र ठिकठिकाणीं आवळलें गेलें होतें हें त्यांतील ठळक. परंतु डोंगराचें पाणी डोंगरानेंच थोडें अडवून धरावें आणि मग खालीं सोडावें, ही निसर्गाची जुनी व्यवस्था मोडली म्हणजे खालच्या वस्तींतील गरिबाला तिचा दंड भरावा लागतो, हें त्या रात्रीं ज्यानें पाहिलें त्याला वेगळें समजावून सांगण्याची गरज नाहीं.

या जमिनीची राखण करणें हें सरकारचें काम, हें खरें. पण तिचा कांहीं भाग वनखात्याचा, कांहीं महापालिकेचा, कांहीं खासगी मालकांचा. दोन घरचा पाहुणा उपाशी म्हणतात, आणि हा तर तीन घरचा! म्हणून नागरिक पुढें आले. पुण्याला ही रीत नवी नव्हे. १२ जून १९०५ रोजीं सकाळीं फर्ग्युसन महाविद्यालयामागच्या टेंकडीवर गोपाळ कृष्ण गोखले व त्यांचे तीन सहकारी यांनीं आजन्म लोकसेवेची शपथ घेतली आणि भारत सेवक समाज स्थापन केला. त्या थोर पुरुषांची बरोबरी कोणी सांगत नाहीं. तथापि ज्या दगडांवर ती शपथ झाली त्याच दगडांतून आज कोणी निवृत्त शिक्षक किंवा बँकेंतला कारकून पाण्याचा कॅन खांद्यावर घेऊन चढतो, तेव्हां मला त्या सकाळची आठवण होते खरी.

बाणेरचें उदाहरण मला विशेष बोधप्रद वाटतें. बाणेर हें शेतकऱ्यांचें गांव. पायथ्याशीं बाणेश्वराचें लेणें, माथ्यावर तुकाईचें देऊळ, मध्यें उघडी टेंकडी. १९९७ सालीं गांव महापालिकेच्या हद्दींत आलें, आणि पाहतां पाहतां शेतांच्या जागीं इमारती उठल्या. २००६ सालीं तेथील कांहीं रहिवाशांनीं ‘वसुंधरा स्वच्छता अभियान’ या नांवानें टेंकडीवर काम सुरू केलें. आरंभ केर उचलण्यापासून झाला, हें त्या नांवावरूनच दिसतें. पण केर उचलतां उचलतां माणूस खालीं वाकून जमीन पाहूं लागतो, आणि एकदां जमीन दिसली कीं मग नुसता केर उचलून समाधान होत नाहीं.

हें काम प्रत्यक्षांत कसें असतें तें थोडें विस्तारानें सांगतों, कारण याविषयीं गैरसमज पुष्कळ आहेत. जुलै महिन्यांत पन्नास पाहुणे येतात, रोपें लावतात, छायाचित्र काढून घेतात आणि जातात. त्यांना मी नांवें ठेवीत नाहीं. पण रोपाची परीक्षा जुलैंत होत नाहीं, ती मार्चपासून पुढें होते. मुरुमांत पहारीनें दोन फूट खोल खड्डा घेणें हेंच एका माणसाचें सकाळभराचें काम. त्यांत खालून आणलेली माती व शेणखत घालावें लागतें. उताराच्या खालच्या अंगाला अर्धचंद्राकृति आळें करावें, दगड रचावे, आणि वर वाळल्या गवताचें आच्छादन पसरावें, म्हणजे दिलेलें पाणी उन्हानें उडून जात नाहीं. पहिलीं दोन-तीन वर्षें उन्हाळ्यांत आठवड्यास एकदां तरी पाणी मिळालें पाहिजे. तें पाणी टेंकडीवर कोण चढविणार? जेथें टाकी बसली आहे, नळी पोंचली आहे, तेथें सोय. एरवीं माणसाचा खांदा.

याहून शहाणपणाचें काम चरांचें आहे. उताराला आडवे, एकाच पातळींत, चर खणावयाचे. त्यांना समतल चर म्हणतात. पातळी जराशी चुकली तर चराचाच ओढा होतो आणि होती ती मातीहि जाते. बरोबर साधली तर पावसाचें पाणी चरांत उभें राहतें आणि मुरतें. झाड लावलें नाहीं तरी दोन पावसाळ्यांत चराच्या कांठीं गवत आपोआप धरतें. माझें प्रामाणिक मत असें कीं, टेंकडीवर रोप लावणारे दहा हात आणि चर दुरुस्त करणारे दोन हात यांत निवड करावयाची झाली, तर मी ते दोन हात मागून घेईन.

झाडांविषयींहि थोडें बोललें पाहिजे. वेताळ टेंकडीवर आणि तळजाईवर आपण जी हिरवी दाटी पाहतों, ती बरीचशी गिरिपुष्पाची आहे. हें झाड मध्य अमेरिकेंतलें. फांदी खोंचली तरी जगतें, झपाट्यानें वाढतें, गुरें त्याला सहसा तोंड लावीत नाहींत. म्हणून सरकारी लागवडींत त्याची निवड झाली. उघड्या माळाला सांवली मिळाली हें त्याचें ऋण मानावें. परंतु त्याच्या दाटींत टेंकडीचें मूळचें कुटुंब, म्हणजे सालई, पळस, पांगारा, बहावा, काटेसांवर, गणेर, हें मागें पडतें. आतां कार्यकर्ते हींच झाडें हुडकून त्यांचें बी जमा करितात आणि रोपें तयार करितात, हें योग्यच आहे. मात्र सगळीच टेंकडी झाडांनीं भरून काढण्याचा हव्यास नको. उघडें गवताळ माळरान हें ओसाड रान नव्हे. चंडोल आणि तित्तिर यांचें घर जमिनीवर, गवताच्या बुंध्याशीं असतें; तेथें झाडांची गर्दी केली तर त्यांना आपण घराबाहेर काढलें असें होतें.

येथें एका धर्मगुरूंचें नांव घेतल्यावांचून मला राहवत नाहीं. फादर सान्तापाव हे स्पेन देशांत जन्मलेले येशूसंघीय. मुंबईच्या सेंट झेवियर महाविद्यालयांत ते वनस्पतिशास्त्र शिकवीत. खंडाळ्याच्या वनस्पतींवरचा त्यांचा ग्रंथ १९५३ सालीं प्रसिद्ध झाला, आणि पुढें ते भारतीय वनस्पति सर्वेक्षण या सरकारी संस्थेचे प्रमुख होते. मोठ्या वृक्षांबरोबर पावसाळ्यांत चार आठवडे दिसून नाहींसें होणारें क्षुद्र तृणहि नोंदवून ठेवणें, हें त्या शास्त्राचें व्रत. टेंकडीवर कुदळ मारण्यापूर्वीं तेथें आधीच काय उगवलेलें आहे हें वर्षभर पाहावें, एवढें तरी आपण त्यांच्यापासून उचलावें.

वणव्यांविषयीं थोडक्यांत सांगतों. जानेवारीपासून गवत वाळतें, आणि एका विडीच्या थोटकानें वर्षांची मेहनत तासांत राख होते. त्यासाठीं पावसाळा सरल्यावर गवत कापून जाळरेषा मोकळ्या ठेवाव्या लागतात, आणि धूर दिसतांच ओल्या फांद्या घेऊन धांवणारीं माणसें लागतात. धांवणारीं मिळतात. जाळरेषा करावयास मिळत नाहींत.

पण बंधुभगिनींनो, टेंकडीचा सर्वांत मोठा वणवा गवताला लागत नाहीं. तो कागदाला लागतो. शहराच्या विकास आराखड्यांत एक रंग बदलला कीं जेथें चर खणले तेथें पाये खणतां येतात. १९९७ नंतर हद्दींत राहिलेल्या २३ गांवांच्या आराखड्यांत डोंगरमाथे व डोंगरउतार मिळून सुमारें ९७८ हेक्टर जमीन जैवविविधता उद्यानासाठीं राखून ठेवावी, असा प्रस्ताव आला. त्यावर वर्षानुवर्षें वाद चालला. नागरिकांनीं सह्या गोळा केल्या, हरकती व सूचना लिहून दिल्या, सुनावण्यांना हजर राहिले. आणि अखेर २०१५ सालीं राज्य सरकारनें तें आरक्षण कायम केलें. पाण्याचा कॅन वाहणाऱ्यांपैकीं कित्येकांना हें कागदी काम कंटाळवाणें वाटे. पण १९६६ च्या नगररचना कायद्यानें आराखड्यावर हरकत घेण्याचा हक्क साध्या नागरिकालाहि दिलेला आहे, आणि त्याची मुदत ठराविक असते. ती टळली कीं नंतरचा आक्रोश व्यर्थ.

यांत दुसरी बाजू आहे, आणि ती आपण लपवूं नये. त्या आरक्षित जमिनीचा मोठा भाग खासगी मालकांचा आहे, आणि त्यांत पिढीजात शेतकरी आहेत. त्यांना मोबदला म्हणून आठ टक्के हस्तांतरणीय विकास हक्क देऊं केला गेला. तो तुटपुंजा आहे अशी त्यांची तक्रार. टेंकडीच्या हवेंत फिरावयाचें सर्वांनीं आणि तिची किंमत द्यावयाची एका शेतकऱ्यानें, हा न्याय नव्हे. टेंकडी वाचविणाऱ्यांनींच त्याच्या योग्य मोबदल्यासाठींहि आवाज उठविला पाहिजे. तसें फारसें होत नाहीं याचें मला दुःख वाटतें. गांवचा मूळ रहिवासी आणि सोसायटींतला नवा रहिवासी यांच्यांत जी तेढ पडते, तिचें मूळ बरेच वेळां येथें असतें.

पुढें वेताळ टेंकडीवरून रस्ता व तिच्या पोटांतून बोगदे नेण्याच्या योजना निघाल्या, तेव्हां एप्रिल २०२३ मध्यें मोठा जनसमुदाय त्यांच्या विरोधांत रस्त्यावर उतरला. वाहनांच्या गर्दीनें गांजलेल्या शहराला रस्ते नकोत असें त्यांतील कोणीच म्हणत नव्हतें. डोंगर एकदां फोडला कीं तो पुन्हा रचतां येत नाहीं, एवढेंच त्यांचें म्हणणें. त्या मोर्चांत मला आनंद वाटला तो एका गोष्टीचा: तेथें आलेल्यांपैकीं पुष्कळांना टेंकडीवरची पाऊलवाट न् पाऊलवाट ठाऊक होती.

आपल्या धर्मग्रामांतून ज्यांना यावयाचें असेल त्यांनीं मार्च ते मे या महिन्यांत यावें. पावसाळ्यांत तेथें माणसांची उणीव नसते. रविवारची पहिली मिस्सा आटोपून निघालें तरी ऊन तापण्यापूर्वीं दीड-दोन तास काम होतें. पायांत जाड तळाचे जोडे असावे, कारण कुसळी गवताचीं कुसळें कापडांतून आंत शिरतात. सोबत पाण्याच्या दोन बाटल्या आणाव्या, एक स्वतःसाठीं आणि एक रोपासाठीं. आपल्या आवारांत बहाव्याच्या शेंगा पडत असतील तर त्या केरांत न लोटतां कागदी पिशवींत भरून आणाव्या. बहाव्याचें बी फार टणक असतें. गरम पाण्यांत भिजत घातल्यावांचून तें सहसा लवकर रुजत नाहीं, हें मुलांना आधींच सांगून ठेवावें, म्हणजे तीं रोज माती उकरून पाहणार नाहींत.