देशाचा भूगोल काय सांगतो?

(सीमाप्रश्नावरील जाहीर सभेत एका गिरणी कामगार कार्यकर्त्याने केलेले भाषण)



आज आम्हाला भूगोलावर बोलायला उभे केले आहे. आमची शाळा चौथीपर्यंतची. तेव्हा पुस्तकी पांडित्याची अपेक्षा आमच्याकडून ठेवू नका. पण ज्याच्या हातून रोज विदर्भाचा कापूस जातो, ज्याच्या शेजारच्या यंत्रावर बिहारचा गडी उभा असतो आणि पलीकडे विजापूरचा, त्याला देशाचा भूगोल रोजच्या रोज शिकावा लागतो. तो शिकता शिकता आम्हाला जे कळले तेच सांगतो.

हा विषय आज का? तर सीमाभागाचे नाव काढले की दोन सवाल आमच्या तोंडावर फेकले जातात. पहिला सवाल : हा देश आधीच डोंगर-नद्यांनी चिरलेला, त्यात तुम्ही भाषेची कुंपणे कशाला घालता? दुसरा सवाल : राज्याची हद्द नदी बघून, डोंगर बघून ओढावी, माणसाची जीभ बघून कशाला? दोन्ही सवाल भूगोलाचे आहेत. तेव्हा जबाब भूगोलातूनच देऊ.

देश किती, कसा

आधी देशाचा पसारा बघा. सुमारे ३२ लाख ८७ हजार चौरस किलोमीटर. उत्तर-दक्षिण ३,२०० किलोमीटरांच्या वर आणि पूर्व-पश्चिम २,९०० च्या वर. अरुणाचलात सूर्य उगवतो तेव्हा कच्छमध्ये अजून अंधार असतो, जवळजवळ दोन तासांचा फरक. पण घड्याळ दोघांचे एकच. गिरणीची पहिली पाळी इथे लागते त्याच वेळेला तिथेही लागते.

वर हिमालय. सुमारे २,४०० किलोमीटर लांबीची ही भिंत. दक्षिणेकडून सरकत आलेली आपली जमीन आशियाच्या जमिनीला जाऊन भिडली, सुमारे पाच कोटी वर्षांपूर्वी. त्या रेट्याने मधल्या समुद्राचा तळ वर उचलला गेला. म्हणून हिमालयाच्या उंच खडकांत समुद्रातल्या जीवांचे अवशेष सापडतात. तो रेटा अजून थांबलेला नाही, म्हणून तिकडे भूकंप होतात. आपल्या देशातले सर्वांत उंच शिखर कांचनगंगा, ८,५८६ मीटर. ही भिंत मध्य आशियाचे गार वारे अडवते आणि आपला पाऊसही पलीकडे जाऊ देत नाही. भिंतीच्या मागे लडाख. लेह शहर सुमारे साडेतीन हजार मीटर उंचीवर, आणि पाऊस वर्षाला अवघा शंभर मिलीमीटरांच्या आसपास.

भिंतीच्या पायथ्याला गंगेचे मैदान. नद्यांनी हिमालय झिजवून आणलेला गाळ, काही जागी हजार मीटरांहूनही खोल. जमीन इतकी सपाट की दिल्ली समुद्रापासून इतकी लांब असूनही उंची सुमारे २१५ मीटर. आमच्याबरोबर काम करणारे पूरबेकडचे भाऊ सांगतात, गावाकडे विहीर खणताना दगड लागतच नाही. आमच्या माणदेशातल्या माणसाला हे ऐकून नवल वाटते, कारण आमच्याकडे पहारीला पहिल्यांदा दगडच लागतो.

पश्चिमेला थरचे वाळवंट. जैसलमेरला वर्षाचा पाऊस दोनशे मिलीमीटरांच्या आत. आणि पूर्वेला मेघालयात मौसिनराम, तिथे अकरा हजार मिलीमीटरांच्या वर! एकाच देशात एकीकडे पाण्याच्या घागरीसाठी कोसभर पायपीट आणि दुसरीकडे ढगातच घर. कच्छच्या रणात पांढरे मीठ, केरळात कुट्टनाडला समुद्रसपाटीच्या खालची भातशेती, लक्षद्वीपला पोवळ्यांची बेटे, अंदमानच्या समुद्रात बॅरन बेटावर जागा ज्वालामुखी. सगळे सांगत बसलो तर सभा उजाडेपर्यंत चालेल.

हे सगळे बांधले कशाने?

आता कोणी म्हणेल, इतके वेगवेगळे तर मग हा एक देश कसा? बंधूंनो, कापडात उभे सूत वेगळे, आडवे वेगळे. एकाच दिशेची सुते शेजारी शेजारी ठेवली तर तो नुसता सुताचा गुंडा होतो, त्याचे कापड होत नाही. या देशाचे आडवे सूत म्हणजे पाऊस आणि नद्या.

पावसाचे बघा. साधारण १ जूनला तो केरळात उतरतो. दहा-अकरा जूनला मुंबईला पोचतो. जुलैच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत सारा देश व्यापतो. वर्षाच्या पावसातला सुमारे तीन चतुर्थांश याच चार महिन्यांत पडतो. राजस्थानातून तो सप्टेंबरात परत फिरतो आणि जाता जाता तामिळनाडूच्या किनाऱ्याला हिवाळ्याच्या तोंडावर भिजवून जातो. तो तामिळ शेतकऱ्याच्या पंचांगात आहे तसा पंजाबी शेतकऱ्याच्याही आहे. त्याला कोणत्या राज्याच्या नाक्यावर कधी पास दाखवावा लागला?

नद्यांचे बघा. गोदावरी निघते आमच्या त्र्यंबकेश्वरी. तिथून पश्चिमेचा समुद्र जेमतेम ऐंशी किलोमीटर. पण दख्खनचे पठार पूर्वेकडे कललेले, म्हणून ती जवळचा समुद्र सोडते आणि १,४६५ किलोमीटर चालत बंगालच्या उपसागराला मिळते. वाटेत मराठी शेत भिजवते, तेलुगू शेत भिजवते. कृष्णा महाबळेश्वरी निघते, मराठी मुलखातून कानडी मुलखात जाते, पुढे तेलुगू मुलखात. नर्मदा आणि तापी मात्र उलट्या, पश्चिमेला वाहणाऱ्या, कारण त्या जमिनीच्या खचलेल्या पट्ट्यातून वाहतात.

मग पहिल्या सवालाचा जबाब काय झाला? डोंगर-नद्यांनी देश चिरलेला नाही, शिवलेला आहे. आणि भाषेची राज्ये झाल्याने ती शिवण उसवली काय? १९३६ साली ओरिसा झाला. पोट्टी श्रीरामुलूंनी १९५२ साली उपोषणात प्राण दिले आणि १९५३ साली आंध्र झाला. १९५६ साली देशभर पुनर्रचना झाली. शंभराहून अधिक हुतात्म्यांच्या रक्तावर १ मे १९६० रोजी महाराष्ट्र झाला. देश फुटेल म्हणणारे तेव्हाही होते. देश फुटला नाही. उलट माणसाला कचेरीतला कागद स्वतःच्या भाषेत वाचता आला, तिथे तो देशाचा जास्त झाला.

दगड, पाऊस आणि बोली

आता दुसरा सवाल. हद्द निसर्गाने ठरवावी म्हणता? चला, निसर्गालाच साक्षीला बोलावू.

आमच्या पायाखालचा काळा दगड घ्या. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीला भेगा पडून लाव्हा बाहेर आला, थरावर थर साचला. सुमारे पाच लाख चौरस किलोमीटर मुलूख आजही त्या दगडाखाली आहे. घाटात डोंगर पायऱ्यापायऱ्यांचे दिसतात ते या थरांमुळे. अजिंठा-वेरूळची लेणी यातच कोरली. हाच दगड झिजून काळी माती झाली, आणि ती ओल धरून ठेवते म्हणून विहिरीच्या पाण्याशिवायही तिथे कापूस उभा राहतो. कापूस आहे म्हणून गिरणी आहे, गिरणी आहे म्हणून आम्ही आहोत.

पण हा दगड कुठवर जातो? वर माळव्यात जातो, सौराष्ट्रात जातो. तिथे मराठी नाही. आणि दक्षिणेला बेळगावच्या आसपास तो संपतो, पुढे तांबडा जांभा दगड लागतो. पण मराठी तिथे संपत नाही, ती खानापुरातून घाट उतरून कारवारच्या किनाऱ्यापर्यंत बोलली जाते. म्हणजे दगड भाषेची हद्द सांगत नाही.

डोंगर सांगतो काय? सह्याद्री तापीपासून कन्याकुमारीच्या दिशेने सुमारे १,६०० किलोमीटर उभा आहे. त्याच्या एका अंगाला कोकण, दुसऱ्या अंगाला देश. महाबळेश्वरी वर्षाला पाच हजार मिलीमीटरांहून अधिक पाऊस, आणि त्याच सातारा जिल्ह्यात माण-खटावात पाचशेच्या आसपास. कोकणात भात, देशावर ज्वारी-बाजरी. पाण्यात दहापट फरक आणि बोलण्यात फक्त हेलाचा! डोंगराने ढग अडवले, पण भाषा काही अडवली नाही.

नदी सांगते काय? गंगेच्या दोन्ही काठांवर भोजपुरी चालते. इकडे कृष्णेच्या दोन्ही काठांवर मराठी चालते आणि पुढे दोन्ही काठांवर कानडी. नदीला हद्द केले तर एकाच बोलीचे दोन काठ तुटतात, एवढेच होते.

हे आम्ही आमच्या फायद्याचे तेवढे सांगत नाही. निसर्ग आमच्याही बाजूने साक्ष देत नाही आणि समोरच्यांच्याही बाजूने देत नाही. हद्द माणसांनी ओढायची आहे, तेव्हा ती माणसांना विचारूनच ओढली पाहिजे.

मुंबईचा धडा

भूगोलाचे नाव पुढे करून लोकांना फसवण्याचा प्रयत्न एकदा झालेला आहे, तो विसरू नका. मुंबई महाराष्ट्रापासून वेगळी काढायची होती, तेव्हा सांगत होते की मुंबई हे बेट आहे, तिचा महाराष्ट्राशी संबंध काय? आम्ही विचारतो, हे बेट पाणी कुठले पिते? तानसा, वैतरणा, भातसा, म्हणजे शहापूरकडच्या डोंगरातले. गिरण्यांना वीज कुठून आली? लोणावळा, वळवण, शिरवट्याच्या तलावांत पाणी अडवले, पूर्वेला जाणारे ते पाणी घाटाखाली खोपोलीला सोडले आणि १९१५ पासून मुंबईला वीज मिळू लागली. कापूस कुठून आला? काळ्या मातीतून, १८६३ साली बोरघाटात रेल्वे झाली त्या वाटेने. सूत तुटू नये म्हणून लागणारी दमट हवा समुद्राने दिली आणि यंत्रावर उभी राहणारी माणसे सह्याद्रीच्या दोन्ही अंगांनी दिली. बेटाचा आणि मुलखाचा संबंध याहून घट्ट असतो तो कसला? १९८२ च्या संपानंतर त्या गिरण्या एकामागून एक बंद पडल्या, चिमण्या पाडल्या गेल्या. पण तानसाचे पाणी अजून त्याच डोंगरातून येते.

सीमाभागाचे मागणे

आता आपल्या प्रश्नावर येऊ. १ नोव्हेंबर १९५६ ला बेळगाव, खानापूर, निपाणी, कारवारकडचा मराठी मुलूख तेव्हाच्या म्हैसूर राज्यात घातला गेला. महाराष्ट्राचा दावा ८६५ गावांचा आहे. २००४ साली महाराष्ट्र सर्वोच्च न्यायालयात गेला. आमचे मागणे चार शब्दांत मावते : खेडे हा घटक, भौगोलिक सलगता, भाषिक बहुसंख्या आणि लोकांची इच्छा. यातली भौगोलिक सलगता म्हणजे काय, ते निपाणीच्या शिवारात उभे राहून बघा. वेदगंगा-दूधगंगा कोल्हापूरच्या डोंगरातून येतात, तेच पाणी, तीच माती, तोच ऊस-तंबाखू. मध्ये ना डोंगर, ना दरी. रस्त्यावर फक्त पाटी बदलते. पाटीच्या अलीकडे सातबारा मराठीत मिळतो, पलीकडे म्हातारीला स्वतःच्या जमिनीचा कागद दुसऱ्याकडून वाचून घ्यावा लागतो. अंगठा कशावर उठवला ते तिला कळत नाही. हा सवाल अभिमानाचा नंतर, आधी हा जमिनीचा आणि भाकरीचा सवाल आहे.

आणि एक गोष्ट स्वच्छ सांगतो. कानडी माणसाशी आमचे भांडण नाही. आमच्या खात्यात कानडी कामगार आमच्या खांद्याला खांदा लावून उभा आहे. मराठी हद्दीत कानडी बहुसंख्येचे सलग गाव असेल तर त्यालाही हाच न्याय. २०१९ च्या ऑगस्टात पूर आला तेव्हा सांगली-कोल्हापूर बुडाले आणि बेळगाव जिल्हाही बुडाला. पाण्याने कोणाची भाषा विचारली नाही. तेव्हा हद्द कुठेही ओढा, नद्यांचे पाणी दोघांनी मिळून सांभाळावे लागणार आहे. जो माणूस आपल्या घरात आपल्या भाषेत निर्धास्त आहे, तोच शेजाऱ्याशी पाण्याचा हिशेब मोकळ्या मनाने करील.

म्हणून बंधूंनो, भगिनींनो, घरी गेल्यावर मुलांच्या पुस्तकातला देशाचा नकाशा उघडा. दोन प्रकारचे नकाशे असतात. एकात डोंगर तपकिरी, मैदान हिरवे, नद्या निळ्या. त्यात राज्याची एकही रेघ नसते. तो निसर्गाने केला, तो सगळ्यांचा, त्याला कोणी हात लावू शकत नाही. दुसऱ्यात रेघा असतात. त्या माणसांनी ओढल्या आणि १९५६ नंतर कितीदा तरी बदलल्या. माणसाने चुकीची ओढलेली रेघ माणसाला दुरुस्त करता येते. तेवढेच आमचे मागणे आहे, आणि ते सनदशीर मार्गाने, एकजुटीने आम्ही मिळवणार आहोत.

बेळगाव, कारवार, निपाणी, बिदर, भालकीसह संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे!

जय महाराष्ट्र! जय हिंद!