तेरा आकडे आणि एक मैफल



संयोजकांचा हुकूम आहे की प्रत्येकाने आपल्या छंदावर थोडक्यात बोलायचं. कुणी गडकिल्ल्यांवर बोललं, कुणी गच्चीवरच्या बागेवर. माझा छंद जुन्या सीडी आणि रेकॉर्ड ओळखण्याचा, त्याही हेवी मेटलच्या. म्हणजे आपले आईवडील ज्याला ‘पत्रे वाजतायत’ म्हणायचे, ते संगीत. घाबरू नका, आज वाजवणार काही नाही. बोलणार आहे ते सीडीच्या पाठीवरच्या काळ्या रेघांबद्दल, बारकोडबद्दल.

सीडीवर नाव छापलेलं असताना रेघा कशाला बघायच्या, असं कुणीही विचारेल. लाइव्ह अल्बमला नाव पुरत नाही. तीच मंडळी तीच गाणी नव्या गावी वाजवतात आणि त्याचा अल्बम निघतो. शिवाय जुना अल्बम पुन्हा निघतो, कधी काटछाट करून, कधी भर घालून. आयर्न मेडन या इंग्लिश बँडचा ‘लाइव्ह आफ्टर डेथ’ आपण दहावी झालो त्याच वर्षी आला. दोन रेकॉर्ड, चार बाजू. तीन बाजू कॅलिफोर्नियातल्या लाँग बीचच्या, चौथी लंडनच्या हॅमरस्मिथ ओडियनची. पहिली सीडी एकाच तबकडीची काढली, त्यात चौथी बाजूच गाळली. १९९८ च्या दोन तबकड्यांच्या आवृत्तीत ती परत आली. नाव तेच, चित्र तेच. दुकानदाराला नुसतं नाव सांगितलंत तर लंडनची बाजू मिळणं नशिबावर. आकडा सांगितलात तर गोष्ट वेगळी, कारण व्यापाराच्या दृष्टीने हे दोन निराळे माल आहेत आणि निराळ्या मालाला निराळा आकडा.

हे सगळं मी एरवी स्वतःशीच पुटपुटत बसलो असतो. पण गेल्या वर्षी आपल्या वर्गातला एक मित्र गेला. नाव घेत नाही, सगळ्यांना ठाऊक आहे. मागच्या बाकावर ताल धरून बाईंची बोलणी खाणारा. त्याच्या सीडींची यादी करायला वहिनींनी मला बोलावलं. मुलीला त्यातली एकच हवी होती, बाबा ज्या कार्यक्रमाला गेले होते त्याची. १ फेब्रुवारी २००८ ला आयर्न मेडन मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलात वाजवून गेले, तेव्हा तो त्या गर्दीत होता. त्या दौऱ्याचा लाइव्ह अल्बम ‘फ्लाइट ६६६’ २००९ मध्ये आला. त्यातलं प्रत्येक गाणं वेगळ्या शहरातलं आहे, आणि पहिलं, ‘एसेस हाय’, मुंबईचं. त्यात जो कल्ला ऐकू येतो त्यात त्याचाही आवाज असणार. नेमका कुठला ते कोण सांगणार, पण असणार.

खोकं सापडलं, आतली पहिली तबकडी गायब. कुणाला तरी ऐकायला दिली असणार, त्याचा स्वभावच तो. मुलीने फोनवर शोधलं तर तिला मिळालं १९८५ चं लाँग बीचचं ‘एसेस हाय’. दोन्ही अल्बमांत आधी चर्चिलच्या भाषणाची ध्वनिफीत आणि मग हेच गाणं, त्यामुळे ती तेच मुंबईचं समजून ऐकत होती. तिला ते सांगणं मला जड गेलं.

नवी प्रत मागवायची तर ‘फ्लाइट ६६६’ नावाची डीव्हीडी आहे, ब्लू-रे आहे, चित्र छापलेल्या रेकॉर्डही आहेत. सुदैवाने रिकाम्या खोक्याचा मागचा कागद शाबूत होता. त्यावरचा आकडा उतरवून घेतला आणि जुन्या सीडी विकणाऱ्यांना नावाऐवजी तोच पाठवला.

तो आकडा वाचतात कसा, तेही सांगतो. गणिताच्या सरांनी चुकलं तर थांबवावं. अमेरिकेतली जुनी पद्धत १२ आकड्यांची, बाकी जगाची १३ ची. बाराच्या आधी शून्य लावलं की दोन्ही जुळतात. सुरुवातीचे आकडे कंपनीने नोंदणी कुठल्या देशाच्या संस्थेकडे केली ते सांगतात. भारताचे ८९०, जपानचे ४५ किंवा ४९. माल कुठे तयार झाला हे त्यावरून कळत नाही, पण तसं समजणारे फार. मधले आकडे कंपनीचे आणि तिच्या मालाचे. शेवटचा पडताळ्याचा.

सरावापुरता एक आकडा घेऊ: ८९०१२३४५६७८९. पहिला, तिसरा, पाचवा असे एकाआड एक मिळवले की २८. दुसरा, चौथा, सहावा असे मिळवले की ३४, त्याची तिप्पट १०२. बेरीज १३०. पुढच्या दशकाला पोचायला किती हवेत? शून्य. म्हणून तेरावा आकडा ०. लिहिताना पहिले दोन उलटे पडले, ८९ चे ९८ झाले, तर बेरीज १२८ येते, तेरावा आकडा २ हवा होतो आणि चूक उघडी पडते. फक्त १ आणि ६ सारखे, ५ चा फरक असलेले शेजारी उलटे पडले तर ती निसटते. आपल्या वेळी परीक्षेत ताळा करायला सांगायचे, तोच हा.

रेघा नसणं हीही खूणच. दुकानात बारकोड पहिल्यांदा वाचला गेला २६ जून १९७४ ला, अमेरिकेतल्या ओहायो राज्यात, च्युइंगमच्या पाकिटावर. हेवी मेटलच्या पूर्वजांपैकी डीप पर्पलचा ‘मेड इन जपान’ १९७२ चा. तेव्हा रेघा छापलेली त्याची रेकॉर्ड कुणी ‘पहिली आवृत्ती’ म्हणून विकायला आणली, तर चहा पाजून परत पाठवा.

पण बारकोडवर आंधळा विश्वास मी ठेवत नाही. तो कागदावर असतो, तबकडीवर नाही. खोकं एकाचं आणि पोटात दुसराच, हे नेहमीचं. कंपनी वर्षानुवर्षं त्याच आकड्याखाली नव्याने छापत राहू शकते. उलट एकच ध्वनिमुद्रण दोन प्रदेशांत दोन आकड्यांनी विकलं जातं. म्हणून तबकडी उलटी करून मधल्या भोकाभोवतीच्या कड्यात कोरलेली बारीक अक्षरंही वाचायची. चाळिशी लागतेच, आता कुणापासून लपवायचं!

पहिल्या विक्रेत्याने डीव्हीडीचा फोटो पाठवला. दुसऱ्याकडचा आकडा तेराच्या तेरा जुळला. पार्सल आल्यावर कडं वाचलं, मगच वहिनींकडे नेऊन दिलं.

त्याच्या सीडींची यादी अजून अर्धीच झाली आहे. त्याच्याकडून ऐकायला नेलेली एखादी तबकडी तुमच्यापैकी कुणाच्या कपाटात असेल तर मला कळवा. कुणी काही विचारणार नाही.