सेवानिवृत्ती आणि सेवापुस्तक
(ज्ञातीच्या वार्षिक संमेलनातील भाषण)



आम्ही निवृत्त झालो त्या दिवशी शाळेने हार-नारळ दिला. परंतु पहिले निवृत्तिवेतन हाती पडावयास अकरा महिने लागले. आमच्या सेवापुस्तकात एका वेतननिश्चितीच्या नोंदीवर पडताळणीची सहीच नव्हती! मुलांच्या वह्यांतील कानामात्रा आयुष्यभर तपासल्या. स्वतःचे पुस्तक मात्र एकदाही उघडून पाहिले नाही. त्या काळात घरातील पाटल्या गहाण पडल्या.

म्हणून निवृत्तीस आलेल्या बांधवांस आमची विनंती की, दोन वर्षे अगोदर सेवापुस्तक मागून पाहावे. जन्मतारीख, रजा, वेतननिश्चिती, नामनिर्देशन, सारे ताडून घ्यावे. प्रत्येक अर्जाची पोच जपावी. महाराष्ट्र नागरी सेवा (निवृत्तिवेतन) नियम, १९८२ यांत तात्पुरत्या निवृत्तिवेतनाची तरतूद आहे. विलंब दिसताच ते लेखी मागावे. त्यात लाचारी कसली? निवृत्तिवेतन ही कृपा नसून हक्क आहे, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने १७ डिसेंबर १९८२ रोजीच दिला आहे.

ज्यांस अर्ज लिहिणे अवघड वाटेल, त्यांनी रविवारी सकाळी आमच्या ओसरीवर निःसंकोच यावे. लेखणी अद्याप आमच्या हाती आहे.