कान्ससचा फौजी आणि आपली ज्वारी
(जिल्हा बैठकीतील भाषण)



निवडणूक जवळ आली की पारावर एक वाक्य हमखास ऐकू येते. 'हे सगळे पुढारी चोर आहेत. एखादा फौजी आणून बसवा खुर्चीवर, महिन्याभरात सरळ करतो की नाही बघा.' मागच्या आठवड्यात आमच्या गावात हेच चालले होते. मी म्हटले, बाबांनो, असा एक फौजी खुर्चीवर बसून गेला आहे. साधासुधा नाही, सगळ्या जगातला मोठा सेनापती. बंदुकीने नाही, मतांनी निवडून आला. एकदा नाही, दोनदा. आणि त्याच्या सहीचा परिणाम तुमच्या-माझ्या बापाच्या ज्वारीपर्यंत येऊन पोचला. ते म्हणाले, मग बैठकीत सांगा. म्हणून आज उभा आहे.

आपल्याकडे फौजेतून गावात परत आलेली माणसे पुष्कळ आहेत. इथे समोरही तीन-चार बसलेले दिसतात. अण्णा हजारे फौजेत गेले, ट्रक चालवला, १९६५ ची लढाई पाहिली, १९७५ ला राळेगणसिद्धीला परतले. पण ते मते मागायला कधी उभे राहिले नाहीत. फौजेतून निघून मतपेटीच्या वाटेने देशाच्या पहिल्या खुर्चीवर बसलेला मराठी माणूस अजून झालेला नाही. म्हणून मी अमेरिकेच्या आयसेनहॉवरची गोष्ट सांगतो. ड्वाइट आयसेनहॉवर. हा माणूस १८९० साली जन्मला टेक्सासमध्ये, म्हणजे अमेरिकेच्या कापसाच्या मुलखात. वाढला कान्ससमध्ये, म्हणजे त्यांच्या गव्हाच्या आणि ज्वारीच्या मुलखात. आज अमेरिकेत सर्वांत जास्त ज्वारी कान्ससमध्येच पिकते. म्हणजे पऱ्हाटी आणि ज्वारी, दोन्ही आपलीच पिके. ओळखीचा माणूस समजा.

त्याच्या आजोबाने बापाला लग्नात १६० एकर जमीन आणि दोन हजार डॉलर दिले. बापाला शेती करायची नव्हती. त्याने जमीन गहाण टाकली आणि दुकान काढले. तीन वर्षांत दुकान बसले, जमीनही गेली. पोट भरायला तो टेक्सासला रेल्वेत कामाला गेला. तिथेच हा मुलगा झाला. १८९२ साली कुटुंब कान्ससच्या ॲबिलीन गावी परत आले आणि बाप एका दूध-लोणी कारखान्यात मजुरीला लागला. सहा भाऊ, तीन एकर तुकडा. पोरे त्यात भाजी लावायची आणि गावातल्या श्रीमंत वस्तीत दारोदार विकायची. कोणी बाई भाजी चिवडून भाव पाडून मागते, तेव्हा पोराच्या पोटात काय होते, ते त्याला ठाऊक होते. मोठ्या भावाच्या शिक्षणासाठी पुढे त्यानेही त्याच कारखान्यात रात्रपाळी केली. लष्करी शाळेत गेला तो १९११ साली, आणि त्यातले मोठे कारण हे की तिथे फी पडत नव्हती. घरचा पंथ लढाईच्या विरुद्ध. आईने पोराला अडवले नाही, पण ती रडली.

फौजेत तो पटकन चमकला असे नाही. पहिल्या महायुद्धात त्याला समुद्रापार जायलाच मिळाले नाही. नंतर सोळा वर्षे मेजरचा मेजरच राहिला. आपल्याकडे एखादा कारकून टेबलावर म्हातारा होतो तसे. १९३२ साली त्याने एक वाईट गोष्ट जवळून पाहिली. महायुद्ध लढून आलेले हजारो शिपाई मंदीत उपाशी मरत होते. सरकारने कबूल केलेला बोनस आत्ताच द्या म्हणून ते राजधानीत तंबू ठोकून बसले. त्यांना हुसकायला फौज पाठवली गेली, आणि तिचा वरचा अधिकारी होता मॅकआर्थर. आयसेनहॉवर त्याचा मदतनीस. आपल्याच म्हाताऱ्या शिपायांवर तुम्ही जातीने जाऊ नका, असे त्याने साहेबाला सांगून पाहिले. साहेबाने ऐकले नाही. झोपड्या जळाल्या. मोर्चा काढून लाठ्या खाल्लेली मंडळी इथे आहेत, त्यांना फोड करून सांगायला नको.

दुसरे महायुद्ध आले आणि दिवस पालटले. ६ जून १९४४ ला दीड लाखांवर फौज फ्रान्सच्या किनाऱ्यावर उतरली, तिचा सरसेनापती हा. आदल्या दिवशी त्याने एका कागदावर चार ओळी लिहून पाकिटात ठेवल्या. उतरणे फसले, मी फौज मागे घेतली आहे, शिपायांनी शौर्यात काही कमी केले नाही, दोष असेल तर तो एकट्या माझा आहे, असा त्याचा मतलब. कागद वापरावा लागला नाही. पण मला या माणसाची सगळ्यांत आवडलेली गोष्ट हीच. आपल्याकडे सोसायटी बुडाली तर चेअरमन सचिवावर ढकलतो, सचिव बँकेवर, बँक पावसावर. पाकिटात असा कागद ठेवणारा मी तरी पाहिला नाही.

१९५२ साली त्याने लष्कराचा राजीनामा दिला, कोट-टाय घालून गावोगाव मते मागितली, आणि तो निवडून आला. कोरियात लढाई चालू होती. मी स्वतः तिथे जाईन, असे त्याने प्रचारात सांगितले होते. निवडून येताच डिसेंबरात गेला, आणि जुलै १९५३ मध्ये युद्धबंदी झाली. हा शब्द त्याने पाळला.

शेतकऱ्यांना दिलेल्या शब्दाचे काय झाले, तेही ऐका. त्यांच्याकडे तेव्हा भाव ठरवायचा एक हिशेब होता. १९१० ते १९१४ या वर्षांत एक पोते धान्य विकून शेतकऱ्याला जेवढे कापड-लोखंड घेता येत होते, तेवढेच आजही घेता आले पाहिजे. मुख्य पिकांना या हिशेबाच्या नव्वद टक्के हमीभाव कायद्याने मिळत होता. सप्टेंबर १९५२ मध्ये मिनेसोटातल्या कॅसन गावी नांगरटीच्या शर्यती होत्या, तिथे तो बोलला. आहे तो कायदा आपण पाळू, आणि पुढे बाजारातच शेतकऱ्याला पुरता भाव मिळेल असे करू, असा त्याचा सूर. टाळ्या पडल्या असतील. आपणही वाजवल्या असत्या.

खुर्चीवर बसल्यावर शेतीमंत्री नेमला एझ्रा बेन्सन. त्याचे मत असे की हमीभावाने कोठारे तुंबली आहेत, भाव खाली येऊ द्या, म्हणजे पेरा कमी होईल. १९५४ च्या कायद्याने नव्वद टक्क्यांचा खुंटा ढिला झाला. १९५६ साली पार्लमेंटने तो पुन्हा घट्ट करणारा कायदा केला, तर आयसेनहॉवरने त्यावर नकाराधिकार वापरला. मग दुसरा कायदा आला. त्यात जमीन पडीक ठेवली तर सरकार पैसे देणार. हसू नका, खरे आहे. आपल्याकडे वावर पडीक राहिले तर सावकार येतो. तिकडे सरकारचा चेक येत होता.

मजा अशी की त्याच वर्षी निवडणुकीच्या प्रचारात पिओरिया गावी हाच माणूस म्हणाला की, नांगराच्या जागी हातात पेन्सिल असली आणि मक्याचे वावर हजार मैल लांब असले, म्हणजे शेती फार सोपी दिसते. अगदी आपल्या मनातले बोलला. पण पेन्सिल तेव्हा त्याच्याच हातात होती ना!

आता आपल्या दारात येतो. कोठारे तुंबली होती, गहू ठेवायला जागा नव्हती. १० जुलै १९५४ ला त्याने एका कायद्यावर सही केली. जादा धान्य दुसऱ्या देशांना द्यायचे, पैसे डॉलरमध्ये नको, त्यांच्याच नाण्यात घ्यायचे. हाच तो पीएल ४८०. हिंदुस्थानशी पहिला करार १९५६ च्या ऑगस्टमध्ये झाला. गव्हाबरोबर कापूसही येत होता, हे पुष्कळांना माहीत नसते.

डिसेंबर १९५९ मध्ये तो स्वतः आला. आधी कराचीला उतरला. तिथे खुर्चीवर दुसरा फौजी, अयुबखान. तो १९५८ साली लष्कराच्या जोरावर बसलेला. फौजी आणा म्हणणाऱ्यांनी हे दोघे शेजारी-शेजारी ठेवून पाहावेत. एकाला लोकांनी बसवले आणि मुदत संपताच तो उठला. दुसऱ्याला उठवायला पाकिस्तानातल्या लोकांना १९६९ पर्यंत रस्त्यावर यावे लागले.

कराचीहून काबूल, काबूलहून दिल्ली. दिल्लीत त्याच्या स्वागताला जागतिक कृषी प्रदर्शन उभे होते, आणि ते उभे करणारा माणूस आपल्या वऱ्हाडचा. पापळचे डॉ. पंजाबराव देशमुख. केंद्रात शेती खात्याचे मंत्री आणि भारत कृषक समाजाचे अध्यक्ष. ११ डिसेंबर १९५९ ला राजेंद्रबाबूंच्या उपस्थितीत उद्घाटन झाले, आयसेनहॉवरने भाषण केले. वऱ्हाडातला शेतकऱ्याचा पोरगा आणि कान्ससचा भाजी विकणारा पोरगा एका मांडवात. कोरडवाहू मुलखातून आलेली ही दोन माणसे घडीभर बाजूला बसून भावावर बोलली असती तर!

पुढच्याच वर्षी, ४ मे १९६० ला, वॉशिंग्टनला मोठा करार झाला. चार वर्षांत १ कोटी ६० लाख टन गहू आणि १० लाख टन तांदूळ. आपल्या बाजूने सही कोणाची? अन्नमंत्री स. का. पाटलांची. मराठी माणूस, मुंबईचा. त्यांच्या बाजूने सही खुद्द आयसेनहॉवरची.

मी असे म्हणत नाही की तो गहू आला नसता तर बरे झाले असते. भुकेल्याच्या ताटातले हिसकावा असे कोणी शेतकरी म्हणणार नाही. पण स्वस्त परदेशी गहू रेशनवर आला की गिरणगावातला माणूस ज्वारी कशाला महाग घेईल? आणि शहरात ज्वारीला उठाव नाही म्हटल्यावर वाशीमच्या अडत्याने तरी भाव का वाढवावा? शुल्ट्झ नावाचा अमेरिकेचाच शेती-अर्थशास्त्री, ज्याला पुढे १९७९ साली नोबेल मिळाले, त्याने १९६० सालीच लिहून ठेवले की अशा धान्याने घेणाऱ्या देशातल्या शेतकऱ्याचा भाव पडतो. काही विद्वान म्हणतात, फार पडला नाही. वाद आहे. पण विद्वानांच्या घरात ज्वारीचे पोते विकायला नव्हते.

दोष मी आयसेनहॉवरला देत नाही. त्याच्यामागे त्याचे शेतकरी होते, त्यांची मते होती, त्यांची तुंबलेली कोठारे होती. तो त्यांचे पाहणारच. आमच्या दिल्लीवाल्यांनी आमचे का पाहिले नाही? बाहेरचे धान्य स्वस्तात मिळते म्हणून घरच्या शेतकऱ्याला भाव द्यायचे टळले. आणि १९६५-६६ च्या दुष्काळात अमेरिकेचा तेव्हाचा अध्यक्ष जॉन्सन जहाजे मोजून सोडायला लागला, तेव्हा सगळ्यांना घाम फुटला. मग हायब्रीड बियाण्यांची धावपळ. आपण ज्याला नुसते 'हायब्रीड' म्हणतो ती पहिली संकरित ज्वारी, सीएसएच १, १९६४ साली आली. तिचे मादी वाणसुद्धा अमेरिकेचेच होते.

बहात्तरच्या दुष्काळात मी बारा वर्षांचा. तेव्हा आपला वाशीम भाग अकोला जिल्ह्यातच होता. आई दुष्काळी कामावर खडी फोडायची, आणि रेशनला मिलो मिळायची. तांबडी, जाड ज्वारी. भाकरी थापताना चिरायची, गार झाली की दगड. माझा बाप आयुष्यभर ज्वारी पिकवत आला. पहिला घास तोंडात घेऊन तो म्हणाला, 'हे तर जनावराचं आहे.' आणि खरेच, अमेरिकेत ती जनावरांनाच घालतात. पण त्याने ताट लोटले नाही. पुरी भाकरी खाल्ली.

एक गोष्ट मात्र या माणसाच्या पदरात घातली पाहिजे. एप्रिल १९५३ मध्ये, खुर्चीवर बसून तीन महिनेही झाले नव्हते, तो संपादकांच्या सभेत म्हणाला की एका लढाऊ विमानापायी आपण पाच लाख बुशेल गहू देऊन बसतो. हिशेब केला तर जवळपास १ लाख ३६ हजार क्विंटल. विमानाची किंमत क्विंटलमध्ये मोजणारा सेनापती मला दुसरा माहीत नाही. आणि १७ जानेवारी १९६१ ला, निरोपाच्या भाषणात, त्याने आपल्याच लोकांना बजावले की फौज आणि शस्त्रांचे कारखानदार यांची जोडी सरकारवर बसू देऊ नका. आयुष्य फौजेत घालवलेल्या माणसाने हे बोलावे! मात्र आठ वर्षे खुर्ची त्याच्याकडे होती, आणि बोलला तो जाण्याच्या तीन दिवस आधी.

नंतर गेटिसबर्गला त्याची शेती होती, काळी अँगस गुरे पाळली. १९६९ च्या मार्चमध्ये गेला. पुरला ॲबिलीनलाच, जिथे भाजी विकली त्या गावात, साध्या शिपायाला मिळते तशा ऐंशी डॉलरच्या सरकारी पेटीत.

एवढेच सांगायचे होते. आता पारावर फौजी आणा म्हणणारी आमच्या गावची मंडळी मागे बसली आहेत, त्यांनी काय विचारायचे ते विचारावे. जेवण व्हायला अजून अर्धा तास आहे.