उडवणारी बाई, मग दुरुस्ती करणारा भाऊ का?

(सामुदायिक रेडिओवर झालेलं भाषण)



आज मी तुमच्याशी एका खेळण्याबद्दल बोलणार आहे. खेळणं म्हणते खरी, पण जत्रेत मिळतं तसलं नव्हे. हे आहे रिमोटवर उडणारं हेलिकॉप्टर. त्यात माणूस बसत नाही. माणूस जमिनीवर उभा राहून हातातल्या रिमोटनं ते चालवतो. काही हातभर लांबीची असतात, काही दोन-तीन हातांची. इकडे नवी मुंबईत हा छंद असलेली मंडळी आहेत, मीही त्यातलीच. मी ते उडवते, खोलते, साफ करते आणि पुन्हा जोडते.

तुम्ही म्हणाल, ताई, हे शहरातले शौक, आमचा काय संबंध? संबंध आहे. केंद्र सरकारनं नोव्हेंबर २०२३ मध्ये ‘नमो ड्रोन दीदी’ ही योजना मंजूर केली. देशातल्या सुमारे १५,००० महिला बचत गटांना शेतात फवारणी करणारे ड्रोन द्यायचे, गटानं ते भाड्यानं चालवून कमाई करायची, असा हा बेत. किमतीच्या ८० टक्के, पण जास्तीत जास्त ८ लाख रुपये मदत. गटातल्या एका बाईला १५ दिवसांचं प्रशिक्षण. म्हणजे रिमोट तुमच्या ओटीत येऊन पडतो आहे. तो तुमच्याच हातात राहावा, म्हणून हे बोलणं.

ड्रोन आणि हे हेलिकॉप्टर एकाच कुळातले. जपानमध्ये खेड्यांतली तरुण माणसं कमी झाली, भातावर फवारणी करायला हात पुरेनात. तेव्हा १९८७ साली यामाहा कंपनीनं आर-५० नावाचं बिनमाणसाचं हेलिकॉप्टर काढलं. २० किलोचा भार उचलायचं आणि भाताच्या खाचरावर औषध मारायचं. आज आपल्याकडे येणारा ड्रोन हा त्याचा धाकटा भाऊ समजा.

फवारणी माणसाच्या पाठीवरून उतरणं किती गरजेचं आहे, हे आपल्याला कुणी सांगायला नको. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन २० च्या वर शेतकरी आणि मजूर दगावले. औषध आणि माणूस यांच्यात अंतर पाडणारं यंत्र चांगलंच. पण यंत्र घरात आलं म्हणजे काम झालं असं नाही.

आधी हे उडतं कसं ते पाहू. हेलिकॉप्टरच्या डोक्यावरचा मोठा पंखा हवा खाली ढकलतो, म्हणून ते वर उचललं जातं. पण ताक घुसळताना काय होतं आठवा. रवी एकीकडे फिरते तेव्हा डेरा उलटीकडे फिरू पाहतो. आपण तो पायांत धरून ठेवतो. हेलिकॉप्टरला हवेत कोण धरणार? म्हणून शेपटीवर एक छोटा पंखा असतो. तो हे फिरणं अडवतो. मोठ्या पंख्याच्या पात्यांचा कल बदलला, की हेलिकॉप्टर वर-खाली, पुढे-मागे, डावी-उजवीकडे जातं. हे सगळं रिमोटवरच्या दोन काड्यांनी करायचं, दोन्ही हातांनी, एकाच वेळी.

ड्रोनला चार, सहा किंवा जास्त पंखे असतात आणि प्रत्येकाला स्वतःची मोटर. त्यात एक छोटा संगणक असतो, तो क्षणोक्षणी तोल सांभाळतो. उपग्रहाचा सिग्नल मिळत असेल तर काड्या सोडल्या तरी ड्रोन जागेवर थांबतो. म्हणून ड्रोन सोपा वाटतो. पण सिग्नल गेला की तो वाऱ्याबरोबर सरकायला लागतो. त्या घडीला उडवणाऱ्या बाईचा हात तयार असला पाहिजे. तो हात कसा तयार होतो, हे हेलिकॉप्टरवाल्यांकडून शिकण्यासारखं आहे.

पहिली पायरी संगणकावर. रिमोट वायरीनं संगणकाला जोडायचा आणि पडद्यावरचं हेलिकॉप्टर उडवायचं. ते शंभर वेळा आपटलं तरी पैसा जात नाही. कित्येक आठवडे हेच करायचं.

मग मैदानात. हेलिकॉप्टरच्या पायांखाली दोन आडव्या काठ्या फुलीसारख्या बांधतात, टोकांना चेंडू लावतात, म्हणजे ते कलंडत नाही. शेपूट आपल्याकडे ठेवायची. वीतभर उचलायचं, जागेवर धरायचं, उतरवायचं. पहिले कित्येक दिवस एवढंच. बघणाऱ्याला वाटतं, हे कुठे जात का नाही? पण एका जागी थांबणं हीच खरी विद्या. डोक्यावर हंडा घेऊन चालणाऱ्या बाईला हे लगेच कळेल. तोल गेल्यावर सावरायचं नसतं, जायच्या आधीच सावरायचं असतं, आणि तेही थोडं थोडं. मोठा झटका दिला की हंडा गेलाच.

त्यानंतरची पायरी सगळ्यांना घाम फोडते. हेलिकॉप्टरचं तोंड आपल्याकडे केलं की डावं-उजवं उलटं होतं. समोर उभ्या असलेल्या बाईचा उजवा हात आपल्या डाव्या बाजूला असतो ना, तसंच. हे पाठ करून येत नाही, हातात मुरावं लागतं. शेताच्या टोकाला जाऊन तुमच्याकडे तोंड करून परत येणारा ड्रोन हाताने चालवायची वेळ आली, तर नेमकं हेच होणार आहे. म्हणून प्रशिक्षणात काड्या हातात मिळतील तेवढा वेळ मागून घ्या. संकोच करू नका.

आता दुरुस्ती आणि देखभाल. माझ्या मते विद्येचा मोठा भाग इथेच आहे. हेलिकॉप्टर एका बॅटरीवर पाच-सहा मिनिटं उडतं, पण त्याच्या तयारीला तास जातो.

मुख्य शत्रू म्हणजे थरथर. पंखा मिनिटाला २००० हून जास्त फेरे घेतो. त्या थरथरीनं स्क्रू सैल होतात. म्हणून धातूत बसणाऱ्या स्क्रूला एक निळा द्रव लावतात, तो वाळला की स्क्रू धरून ठेवतो. प्लॅस्टिकला मात्र तो लावायचा नाही, प्लॅस्टिक ठिसूळ होतं. दर वेळी उडवण्याआधी प्रत्येक स्क्रू, प्रत्येक जोड बोटानं हलवून बघायचा. दोन्ही पाती सारख्या वजनाची हवीत आणि फिरताना एकाच पातळीत दिसायला हवीत. ती ओळखू यावीत म्हणून टोकांना वेगवेगळ्या रंगाच्या पट्ट्या चिकटवतात. पात्याला बारीकशी चीर दिसली तरी ते टाकून द्यायचं. चिकटवून वापरायचं नाही.

हेलिकॉप्टर आपटलं, तर वरून धड दिसलं तरी विश्वास ठेवायचा नाही. आतला दांडा काढून काचेवर घरंगळवायचा. डगमगत गेला तर वाकलाय. वाकलेला दांडा ठोकून सरळ करायचा नाही, बदलायचा. दातेरी चक्रांमध्ये फट किती हवी? कागदाची पट्टी मध्ये घालून चक्रं बसवायची, मग कागद काढून घ्यायचा. उरते तेवढी फट पुरे. बघा, यातलं कुठलं काम आपल्या हाताला अवघड आहे? शिवणयंत्राचं तेलपाणी करणारी, गिरणीचा पट्टा चढवणारी बाई हे सहज करील.

ड्रोनमध्ये हलणारे भाग कमी, पण नियम तेच. पाती तपासा, पंख्यांचे हात घट्ट आहेत का बघा, मोटर हातानं फिरवून खरखर येते का ऐका. शिवाय फवारणीचं काम झालं की टाकी, नळ्या आणि नोझल स्वच्छ पाण्यानं धुवा. आत राहिलेलं औषध वाळलं की नोझल तुंबतं, आणि पुढच्या शेतात कुठे जास्त पडतं, कुठे पडतच नाही. त्या पिकाचा मालक भांडायला तुमच्याकडेच येईल.

बॅटरीबद्दल जरा नीट ऐका. ही लिथियमची बॅटरी असते. एका सेलला पूर्ण चार्ज म्हणजे ४.२ व्होल्ट. ती पार रिकामी करायची नाही. २० टक्के शिल्लक असतानाच यंत्र खाली उतरवायचं. काही दिवस वापरायची नसेल तर भरलेली ठेवायची नाही, सेलमागे ३.८ व्होल्टच्या आसपास ठेवायची. उडवून आणलेली गरम बॅटरी लगेच चार्जिंगला लावायची नाही. आणि चार्जिंग सुरू असताना तिला सोडून जायचं नाही. गादीवर नाही, चुलीजवळ नाही, कडब्याच्या खोलीत तर नाहीच. फरशीवर किंवा विटांवर ठेवायची. फुगलेली बॅटरी पुन्हा वापरायची नाही. ती पेटली तर आटोक्यात आणणं कठीण जातं.

आणि पंख्याची भीती मनात ठेवाच. २०१३ साली न्यूयॉर्कमध्ये ब्रुकलिनच्या एका बागेत १९ वर्षांचा तरुण स्वतःच उडवत असलेल्या रिमोटच्या हेलिकॉप्टरचं पातं लागून जागीच गेला. आमच्यात रीत अशी की आधी रिमोट सुरू करायचा, मग यंत्र. बंद करताना आधी यंत्र, मग रिमोट. पंखा पुरता थांबल्याशिवाय जवळ जायचं नाही. पोरं, गुरं, बघे दूर उभे करायचे. गावात ड्रोन आला की पोरं धावत येणारच. त्यांना आवरायला गटातली एक बाई नेमून ठेवा.

वेळेचंही सांगते. इकडे दिवस वर आला की खाडीवरून वारा सुटतो, म्हणून छंदवाले सकाळी लवकर उडवतात. तुमच्याकडे फवारणीलाही सकाळची शांत हवाच बरी. वारा असला की औषध शेजारच्या बांधापलीकडे जातं.

कायदा थोडक्यात. भारतात ऑगस्ट २०२१ पासून ड्रोन नियम लागू आहेत. एरवी ४०० फुटांपर्यंत उडवता येतं. चालू विमानतळाच्या हद्दीपासून ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात २०० फुटांपर्यंतच. ८ किलोमीटरच्या आत तर परवानगीशिवाय जमिनीपासूनच मनाई. नवी मुंबईचा विमानतळ डिसेंबर २०२५ मध्ये प्रवाशांसाठी सुरू झाला, आणि उलवे, पनवेल, कामोठे इथल्या छंदवाल्यांना आपलं खेळणं उचलून लांब जाणं भाग आहे. तुमचं शेत कुठल्या क्षेत्रात येतं, हे सरकारच्या ‘डिजिटल स्काय’च्या नकाशावर दिसतं. फवारणीचा ड्रोन चालवायला प्रमाणपत्र लागतं. त्यासाठी वय १८ ते ६५, दहावी पास आणि मान्यताप्राप्त संस्थेतलं प्रशिक्षण.

आता मुद्द्याचं बोलते. या योजनेत आणखी एक जागा आहे, ड्रोन सहायकाची. त्याला पाच दिवसांचं प्रशिक्षण मिळतं, दुरुस्तीकडे ओढा असलेल्या माणसाला. ही व्यक्ती गटाची सदस्य असू शकते किंवा सदस्याच्या घरातली. इथेच सावध राहा. कारण आपल्या घरात लगेच ठरतं की उडवायला वहिनी, कारण योजना बायकांची, आणि दुरुस्तीला भाऊजी, कारण पाना-पक्कड पुरुषांची. मग होतं काय? ऐन हंगामात ड्रोन बंद पडतो. भाऊजी लग्नाला गेलेले असतात. हळूहळू बॅटऱ्या त्यांच्या खोलीत, गिऱ्हाइकांचे फोन त्यांच्या मोबाइलवर, आणि शेवटी रिमोटही त्यांच्या हातात. सातबारावर बाईचं नाव आणि मोटारीचं बटण दुसऱ्याच्या हाती, हे आपण पुष्कळ पाहिलंय. ड्रोनच्या बाबतीत तेच व्हायला नको. घरातल्या पुरुषांची मदत जरूर घ्या, पण शिकण्याची जागा सोडू नका. यंत्र ज्याला खोलता-जोडता येतं, त्याच्याच सोयीनं ते चालतं.

म्हणून गटात ठराव करा. सहायकाची जागा सदस्य बाईलाच. शाळा अर्धी सुटलेली असली, तरी जिच्या हाताला यंत्राची गोडी आहे अशी बाई निवडा. तिसरीनं वही सांभाळायची. कुठल्या तारखेला, कुणाच्या शेतात, किती वेळ उडवलं, कुठली बॅटरी वापरली, काय बिघडलं, काय बदललं, खर्च किती. ही वही आमच्या छंदातही असते, आणि कुठला भाग कधी दगा देणार हे तीच आधी सांगते. कमाईतली थोडी रक्कम दर वेळी सुट्या भागांसाठी बाजूला काढा. पाती आणि नोझल हंगामाआधीच आणून ठेवा.

योजनेचा मंजूर काळ २०२५-२६ पर्यंतचा होता. तुमच्या तालुक्यात आज काय चालू आहे ते ‘उमेद’च्या कार्यालयात जाऊन विचारा. ड्रोन आधीच मिळालेला असेल, तर पुढच्या बैठकीला तो मध्ये ठेवा, बॅटरी काढून. एकेकीनं हात लावून बघा. पंखा फिरवा, स्क्रू तपासा, नोझल काढून परत बसवा. ज्या दिवशी गटातल्या दोघीतिघी न घाबरता एवढं करतील, त्या दिवशी तो ड्रोन खऱ्या अर्थानं गटाचा झाला.