भाजे : दगडात राहिलेली लाकडी घरं
(विहाराच्या वर्धापनदिनी झालेले भाषण)



आपली सहल भाजे-कार्ल्याला जाणार आहे. त्याआधी थोडं बोलतो, कारण लेण्यात नुसते फोटो काढून परत येणारे आपल्यात पुष्कळ आहेत.

लोकलनं मळवलीला उतरलं की दक्षिणेला भाजे. गाव लहानच. वर डोंगरात २२ लेणी, त्याच्याही वर लोहगड-विसापूर. इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकातलं हे काम. चैत्यगृहात २७ अष्टकोनी खांब आहेत. नीट बघा, खांब आतल्या अंगाला कललेले दिसतील. का बरं? डोंगर कोरला तर छत पडायची भीती नसते, खांब तिरपा करायचं कारणच नाही. पण कारागिरांपुढं नमुना होता लाकडी बांधकामाचा. तिथं छपराचा भार खांबांना बाहेर रेटतो, म्हणून ते आत कलते रोवायचे. तीच रीत दगडात उतरली. छताला तर खऱ्या लाकडाच्या कमानी आहेत! दोन हजार वर्षांपूर्वीचं लाकूड, त्यावर ब्राह्मी अक्षरं सापडलीत. दर्शनी बाजूचं लाकूडकाम गेलं, खोबणी राहिल्या. भिंतीवर सज्जे, कठडे, कमानीच्या खिडक्या. त्या काळची लाकडी घरं कुजली, जळाली. ती कशी दिसत होती, ते इथं कळतं.

शेजारी १४ स्तूपांचा समूह आहे. त्यातल्या काहींवर थेरांची नावं आहेत, धम्मगिरी, संघदिन. तिथं आवाज न करता थांबा.

रेल्वेच्या पलीकडे, उत्तरेच्या डोंगरात कार्ले. ते नंतरचं. तिथं खांब ३७ आणि सरळ उभे. तोवर हाताला दगड सरावला होता. कार्ल्याचं जुनं नाव वलुरक. इथल्या भिक्खूंसाठी उषवदातानं करजिक हे गाव दान दिल्याचा लेख आहे. दान मोठंच, पण ते गाव पिकवणाऱ्यांची नावं त्यात नाहीत. मला हे खटकतं.

मात्र त्याच लेण्यात धेनुकाकटच्या सामी नावाच्या सुताराचा लेख आहे. दरवाजा त्यानं केला. गिरणीत माझी हयात गेली, डोळ्यांपुढून किती कापड गेलं त्याला मोजदाद नाही. ठाणावर शिक्का गिरणीचा, विणणाऱ्याचं नाव कधी पाहिलं नाही. म्हणून सामीचं नाव वाचलं तेव्हा अंगावर काटा आला.

आणि त्याच भिंतींवर आपली पोरं खिळ्यानं स्वतःची नावं ओरखडतात! आईबापांनो, सहलीला हात धरून ठेवा. कमानींना, खांबांना हात लावू देऊ नका. विजेरी बरोबर घ्या, आत अंधार असतो. लेख शोधायचे आहेत.