आधी मजकूर वाचा



मासिकांसाठी, वृत्तपत्रांसाठी, पुस्तकांसाठी स्वतंत्रपणे चित्रे काढून जगायचे, असे आज पदवी घेणाऱ्या तुमच्यापैकी ज्यांच्या मनात आहे, त्यांच्याशी मी आज बोलणार आहे. अमरावती-अकोल्यात राहून हे जमेल का, ही तुमच्या घरच्यांची काळजी खरी आहे. माझे उत्तर आहे, जमेल; फक्त चित्राआधी मजकूर वाचायला हवा.

चित्रकार दीनानाथ दलाल मूळचे गोव्याचे. मुंबईत त्यांनी स्वतःचा स्टुडिओ उभारला, 1945 साली 'दीपावली' हे नियतकालिक सुरू केले. त्यांच्या मुखपृष्ठांवरच्या देखण्या स्त्रिया सगळ्यांना आठवतात. मला त्यांचे मोठेपण वेगळ्या ठिकाणी दिसते: कथेचा बाज बदलला की त्यांची रेषाही बदलायची. वसंत सरवटे वेगळ्या वाटेचे. ते स्थापत्य अभियंता होते. सिमेंट कंपनीतली नोकरी सांभाळून चित्रे काढत. रेषा साधी, पाहताक्षणी त्यांचीच म्हणून ओळखू येणारी. पु. ल. देशपांड्यांच्या मजकुराशेजारी ती बसते तेव्हा ती मजकूर पुन्हा सांगत नाही, स्वतःचे काही बोलते. शैली एवढ्या दोन टोकांच्या, पण दोघांचेही काम वाचनातून आले.

आता आपल्याकडे पाहा. शेतकऱ्यावर लेख आला की भेगाळलेली जमीन आणि डोक्याला हात लावून बसलेला माणूस, हे चित्र ठरलेले. मला ते चित्र अपुरे वाटते, आणि त्याचा रागही येतो. वऱ्हाडात कापूस वेचणीला गेलेली बाई कमरेला ओटी बांधून पऱ्हाटीच्या तासातून चालते, तिची मजुरी किलोवर ठरते. पूर्णेच्या खारपाणपट्ट्यात विहिरीला पाणी असूनही ते पिकाला चालत नाही. हे तुम्ही पाहिले आहे. दूर बसून काढणाऱ्याला ते दिसत नाही. अमरावतीत राहिलेल्या उद्धव शेळक्यांची 'धग' ही कादंबरी 1960 साली आली. तिच्यातली शिंप्याच्या घरातली कौतिक वाचा आणि तिचे चित्र काढून पाहा. ती रडताना नको, संसार रेटताना हवी. तिचे हात कसे असतील, यावर आठवडा गेला तरी चालेल.

आणखी एक, पैशाचे. 1957 च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम 17 प्रमाणे, पैसे देऊन करवून घेतलेल्या पेंटिंगचा किंवा व्यक्तिचित्राचा पहिला हक्क, वेगळा करार नसेल तर, करवून घेणाऱ्याकडे जातो. म्हणून चित्र कितीदा आणि कुठे छापणार, मानधन कधी देणार, हे काम हाती घेण्यापूर्वी लिहून घ्या. ओळखीतले काम असले तरी. संपादक तुमच्यावर नाराज होईल ही भीती सोडा. चांगला संपादक नाराज होत नाही.

या दिवाळीच्या अंकांची जुळवाजुळव करणारे संपादक अमरावतीत आहेत, अकोल्यात आहेत. उद्याच त्यांना भेटा, एक कथा मागून घ्या आणि ती शेवटपर्यंत वाचूनच पेन्सिल उचला.